खांबाभोवतीची फट

माझं लग्न होऊन मी या घरात आले, त्याच वर्षी माझ्या सासूबाई टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. ही बाई आता दिवसभर करणार काय, अशी घरात सगळ्यांना धास्ती होती. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू आलीस ते फार बरं झालं. तुला घर दाखवण्यात, स्वयंपाक शिकवण्यात तिचा वेळ जाईल."

सासूबाईंनी मला घर दाखवलं ते चहा उकळेपर्यंत. स्वयंपाकाचं म्हणाल तर "डबे तिथे आहेत, वर नावं लिहिलेली आहेत" एवढ्यावर आटोपलं. मग त्या मला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथं वाळूनं भरलेलं एक पत्र्याचं पिंप होतं. पिंपावर काचेची जाड चकती घट्ट बसवलेली, तिच्यावर तशीच दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये पाणी आणि काळसर पूड. वरची चकती दोन्ही हातांनी पुढे-मागे घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती हळूहळू फिरत राहायचं.

"हे काय आहे, आई?"

"दुर्बिणीचा आरसा. अजून व्हायचाय, आत्ता नुसती काच आहे. तू जरा धर, मी दूध बघून येते."

दूध बघून त्या आल्या तोवर माझ्या कोपरापर्यंत काळं पाणी आलं होतं आणि पिंपाला किती फेऱ्या झाल्या ते मला सांगता आलं नसतं. त्यांनी वाकून काच पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. घाई करत नाहीस." सासरी मिळालेलं माझं पहिलं कौतुक ते. त्यानंतर कित्येक महिने त्या घसर-घसर आवाजानेच आमची सकाळ व्हायची. शेजारचे ड्रायव्हरकाका कुंपणावरून विचारायचे, "काय वहिनी, झालं का दळण?" आणि सासूबाई न थांबता म्हणायच्या, "अजून जाडंभरडंच आहे."

त्यांना हे वेड लागलं कसं, ते मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. लहानपण गोदामांच्या गल्लीत गेलेलं. दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर आभाळाची एक पट्टी. वडील शिंपी, पाठीवर भावंडं. शाळा संपली तशा त्या टेलिफोनमध्ये चिकटल्या. समोर भोकांचा मोठा फळा, कानाला यंत्र, हातात दोऱ्या, आणि दिवसभर "कोण बोलतंय? थांबा, जोडून देते." इतर मुली रात्रपाळी टाळायच्या, या मागून घ्यायच्या. रात्रपाळीच्या सुट्टीत गच्चीवर जाता यायचं. तिथं एक जुन्या ऑपरेटर बाई सुपारी कातरत बसायच्या आणि बोटानं तारे दाखवायच्या. गल्लीतल्या मुलीला सगळं आभाळ एकदम बघायला मिळालं, ते त्या गच्चीवर.

सासरे फरशी बसवायचे. गावातले दवाखाने, दुकानं, शाळा, लोकांची घरं, सगळीकडे त्यांच्या हातची फरशी. आमच्या घरी पाहुणे आले की ते या दोघांच्या लग्नाची गोष्ट सांगायचे, आणि दर वेळी तितक्याच रंगात येऊन.

"टेलिफोनच्या ऑफिसात बायकांच्या खोलीचं काम होतं. शेवटची ओळ बसवून नुकता हात धुतोय, तोच ही धावत आली आणि थेट ओल्या फरशीवरून गेली. दोन फरश्या बसल्या खाली. मी म्हटलं, अहो बाई, तुमचे डोळे असतात कुठे? तर म्हणाली, वर."

"खोटं," सासूबाई आतून ओरडायच्या. "मी माफ करा म्हटलं होतं."

"ते दुसऱ्या दिवशी."

आरसा एकदाचा झाला. त्यावर चांदीसारखा मुलामा चढवून आणला, माझ्या नवऱ्यानं लाकडी चौकोनी नळकांडं करून दिलं, आणि दुर्बीण उभी राहिली. ती एवढी अवजड झाली की बाहेर काढायला दोघे लागायचे आणि आत ठेवायला तिघे, कारण तोवर एकजण कंटाळलेला असायचा. बाहेर तिवईवर ठेवली की वाऱ्यानं डुलायची. एका रविवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आपण मागे एक खोली बांधू या."

"कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"दुर्बिणीला."

"दुर्बिणीला खोली! पोराला लग्नानंतर वेगळी खोली द्यायची म्हणून मी मधे कपाट आडवं लावलंय, आणि दुर्बिणीला खोली?"

"लहानशीच. पण छप्पर सरकतं हवं."

"म्हणजे आधी खोली बांधायची आणि मग तिचं छप्पर काढायचं."

"हो."

सासऱ्यांनी माझ्याकडे आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही ताटात बघत होतो. त्यांनी घोटभर पाणी प्यायलं. "पाया मी घालणार," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही."

आता जागेचा प्रश्न आला. आमच्या मागच्या अंगणाला एका बाजूला लिंबाचं झाड, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, आणि कुंपणापलीकडे ड्रायव्हरकाकांचं दुमजली घर. सासूबाई स्टूल घेऊन रोज संध्याकाळी वेगवेगळ्या कोपऱ्यात बसून पाहायच्या. झाड नको, टाकी नको, काकांच्या खिडकीतला दिवा नको, असं करत करत त्या बरोबर अंगणाच्या मधोमध येऊन बसल्या. आणि तिथंच घोडं अडलं.

ते अंगण सासऱ्यांनी उरलेल्या फरश्यांनी बांधलं होतं. कुठलंही काम संपलं की एखाद-दुसरी फरशी पिशवीतून घरी यायची आणि अंगणात बसायची. हिरवी, करडी, ठिपक्यांची, वेलबुट्टीची. एकीला दुसरी जुळत नव्हती, पण सांधे असे सरळ की दोरी लावून घ्या. ते सकाळी चहा घेऊन तिथं चालायचे आणि चालता चालता सांगायचे, ही डॉक्टरांच्या दवाखान्यातली, ही सायकलच्या दुकानातली, ही त्या विधवा बाईंची, त्यांनी स्वतः वाळू चाळून दिली होती. त्यांची सगळी हयात त्या अंगणात पायाखाली पसरलेली होती. गंमत म्हणजे घरात मात्र स्वयंपाकघरात साधा सिमेंटचा कोबा होता, दाराशी तडकलेला. सासूबाईंनी किती वर्षं सांगितलं आणि त्यांनी किती वर्षं "या कामानंतर करतो" म्हटलं, याचा हिशेब दोघांनी सोडून दिला होता.

स्टूल मधोमध थांबलं, तेव्हा सासरे काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "झाडाकडे सरकवू या का? थोडं कमी दिसेल, चालेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला म्हणून मी मागे गेले. सासरे उकिडवे बसून छिन्नीनं सांधे मोकळे करत होते. फरश्या अखंड निघाव्यात म्हणून जीव तोडून मेहनत चालली होती. त्यांनीच इतक्या पक्क्या बसवल्या होत्या की निघता निघत नव्हत्या. बऱ्याचशा फुटल्या. दवाखान्यातली दोन तुकडे होऊन हातात आली, तेव्हा त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि मला म्हणाले, "सिमेंट चांगलं होतं तेव्हाचं." मग तिचे तुकडे त्यांनी बाजूला भिंतीशी नीट रचून ठेवले.

खरी वादावादी झाली ती पायावरून. सासूबाईंचं म्हणणं असं, की मधे खोल खड्डा खणायचा, कठीण मुरूम लागेपर्यंत. त्यातून काँक्रीटचा खांब वर आणायचा. दुर्बीण त्या खांबावर. खोलीची जमीन वेगळी घालायची, आणि जमीन व खांब यांच्यात चहूबाजूंनी बोटभर फट ठेवायची. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये.

"फट?" सासऱ्यांनी विचारलं.

"फट."

"मुद्दाम?"

"अहो, माणूस जमिनीवर चालला की जमीन हलते. आपल्याला कळत नाही, पण दुर्बिणीत तेच शंभरपट दिसतं. खांबाला जमीन लागली नाही, तर खांब हलणार नाही."

"माझी जमीन हलत नाही," सासरे म्हणाले.

"तुमची नाही हो. सगळ्यांचीच हलते."

"सबंध जन्म मी लोकांच्या फटी बुजवल्या," ते मला म्हणाले, जणू मी पंच होते. "आता माझ्याच घरात फट ठेवायची. लोक येऊन बघतील आणि म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला."

पण खणायला त्यांनी सुरुवात केली. पहार आणि फावडं घेऊन ते आणि माझा नवरा सुट्टीच्या दिवशी आत उतरायचे. आधी भरावाची माती लागली, मग राख, मग कुणाच्या तरी जुन्या घराच्या विटा. कठीण जमीन काही लागेना. सासरे छातीपर्यंत खड्ड्यात गेले आणि ड्रायव्हरकाका कुंपणावर हनुवटी टेकवून म्हणाले, "तारे वर असतात ना? हे खाली काय शोधताय?"

"तुमच्या गाडीचे ब्रेक," सासरे आतून म्हणाले. काकांनी एकदा आपली लॉरी आमच्या फाटकावर घातली होती.

मुरूम लागला तेव्हा पहारेचा आवाज बदलला. ठण्ण. सासरे थांबले, पुन्हा मारून पाहिलं आणि खालूनच हाक मारली, "अगं, ये, ऐक तरी!" सासूबाई हातातला झारा तसाच घेऊन धावल्या. खड्ड्याच्या काठावर बसून त्यांनी तो आवाज दोनदा वाजवून घेतला.

काँक्रीट घालायच्या दिवशी आम्ही सगळे कामाला लागलो. एका कामावर उरलेला सिमेंटचा मोठा नळ सासऱ्यांनी साच्यासाठी उभा केला होता. एकदा ओतायला घेतलं की मधे थांबायचं नाही, हे त्यांनी आम्हाला बजावलं. खडी, वाळू, सिमेंट कालवायला ड्रायव्हरकाका स्वतःहून आले. चेष्टा करणारा माणूस, पण फावडं असं मारत होता की बघत राहावं. मी घमेली उचलत होते. सासूबाई एका फळकुटाला बोल्ट बसवून तयार ठेवून होत्या. खांब भरला की ते ओल्या काँक्रीटमध्ये उत्तर-दक्षिण धरून बसवायचे होते. उत्तर दिशा त्यांनी आदल्या दिवशी ओळंब्याच्या सावलीवरून काढून खडूनं आखली होती.

खांब भरला. सासूबाईंनी फळकूट वर ठेवलं. सासऱ्यांनी पाण्याची नळी लावून पातळी पाहिली.

"तुझ्या बाजूला केसभर वर आहे," ते म्हणाले.

"तुमच्या बाजूला केसभर खाली आहे," त्या म्हणाल्या.

दोघांची डोकी त्या खांबावर इतकी जवळ आली होती की सासूबाईंच्या पांढऱ्या बटेला सिमेंट लागलं. सासऱ्यांनी ते अंगठ्यानं पुसायला म्हणून हात नेला आणि आणखीच माखून ठेवलं. आम्ही बाकीचे घमेली धुवायला गेलो.

पुढे बरेच दिवस खांबाला ओली पोती गुंडाळून पाणी घालायचं काम होतं. सासरे कामावरून यायचे, चपला काढायच्या आधी विचारायचे, "पाणी दिलं का त्याला?" मला वाटायचं, घरात तान्हं मूल असावं. मग जमीन घातली, खांबाभोवती पुठ्ठा गुंडाळून, वाळल्यावर तो काढून घेतला आणि ती ठरलेली फट तेवढी राहिली. सासरे तिच्याकडे बघायचं टाळायचे. भिंती झाल्या. शटर बनवणाऱ्यानं रुळांवर सरकणारं पत्र्याचं छप्पर करून दिलं.

तेवढ्यात सासूबाईंच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि त्या आठवडाभर तिकडे गेल्या.

त्या गेल्या त्या दिवसापासून सासऱ्यांनी कामं बंद ठेवली. दिवसभर मागे बसून असायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. मी आत गेले आणि बघतच राहिले. सबंध जमिनीला करड्या फरश्या बसवल्या होत्या, आणि खांबाभोवती, बरोबर त्या फटीवर, फुटलेल्या जुन्या फरश्यांच्या बारीक तुकड्यांचं एक कडं. हिरवा, ठिपक्यांचा, वेलबुट्टीचा, परत हिरवा. एकेक तुकडा घासून पाकळीसारखा केलेला, मधे पांढऱ्या सिमेंटची रेघ. खांब त्या फुलातून उगवल्यासारखा दिसत होता.

"बाबा, सुंदर झालंय," मी म्हटलं. "पण आईंनी फट ठेवायला सांगितली होती ना?"

"अगं, त्या फटीत मुंग्या जातात. झुरळं होतील. आणि हे काय, नखाएवढे तुकडे आहेत, त्यानं काय हलतंय?" मग जरा थांबून म्हणाले, "घरात तिच्यासाठी कधी काही बसवलंच नाही मी. तो कोबासुद्धा तसाच राहिला."

मी कोपऱ्यातला चुरा गोळा करायला घेतला.

सासूबाई परत आल्या. पिशवी ठेवून थेट मागे गेल्या. सासरे दारात उभे, मी त्यांच्या मागे. सासूबाईंनी ते कडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खाली बसून एका तुकड्यावरून बोट फिरवलं. "ही दवाखान्यातली," त्या म्हणाल्या.

"ओळखलीस?"

"न ओळखायला काय झालं." मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "फार छान केलंत." फटीचं नाव काढलं नाही. सासरे इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी ड्रायव्हरकाकांना बोलावून जमीन दाखवली.

मी संध्याकाळी स्वयंपाकघरात विचारलं, "आई, आता फटीचं काय हो?"

"आता काही नाही," त्या म्हणाल्या. "दुर्बिणीला डोळा लावला की बाकीच्यांनी श्वास रोखून उभं राहायचं. तू त्यांना बोलू नकोस."

दुर्बीण खांबावर चढली. दिवेलागणीला अर्धा चंद्र वर होता. सासऱ्यांनी स्वतः छप्पर ओढलं. सासूबाईंनी नेम धरला, डोळा लावला आणि आम्हाला एकेक करून बोलावलं. मी पाहिलं. चंद्राच्या कडेवरचे खड्डे, त्यांच्या सावल्या. माझ्या हातानं घासलेल्या काचेत ते सगळं उतरलं होतं. पण माझा नवरा मागे सरकला आणि चंद्र थरथरला. कुणी पाय बदलला की पाण्यातल्या ताटलीसारखा डुचमळायचा.

मग सासरे बसले. "वा," ते म्हणाले. मग, "अरे?" "अगं, तू जरा दारापर्यंत चालून ये."

"कशाला?"

"चाल तर."

सासूबाई अगदी हलक्या पावलानं दारापर्यंत गेल्या आणि आल्या. सासऱ्यांनी डोळा काढला नाही.

"हा हलतोय."

"हवा आहे हो," त्या म्हणाल्या. "वरची हवा हलत असते. तसंच दिसतं."

"तू पाऊल टाकतेस तेव्हाच हवा येते?"

त्यांनी स्टुलावरून उठून खाली ते कडं पाहिलं. "तुला आल्या आल्याच कळलं होतं," ते म्हणाले.

"मला फूल आवडलं," सासूबाई म्हणाल्या. "खरंच आवडलं. राहू द्या. चंद्र थोडा हलला म्हणून काय पडणार आहे?"

सकाळी ते छिन्नी-हातोडी घेऊन बसले. सासूबाई दारात उभ्या राहून "अहो, नका ना" म्हणत राहिल्या. ते मान वर न करता म्हणाले, "तू इतके महिने घासून आरसा केलास. मी त्याला हलता चंद्र दाखवू? मला झोप येईल का?" पाकळ्या एकेक करून निघाल्या. शेवटी त्यांनी फटीतला सगळा खडी-कचरा सळईनं उकरून काढला, फुंकर मारून साफ केलं, आणि दोरा घेऊन खांबाभोवती फिरवला. तो कुठेही न अडकता फिरला, तेव्हा उठले. त्या संध्याकाळी चंद्र जागचा हलला नाही. सासऱ्यांनी मुद्दाम जमिनीवर उड्या मारून पाहिल्या. ड्रायव्हरकाका म्हणाले, "आता खोली पडेल."

फटीत मुंग्या मात्र खरोखर झाल्या. दर उन्हाळ्यात सासरे आम्हाला बोलावून त्या दाखवायचे आणि एक शब्द न बोलता आत जायचे.

पुढची वर्षं चांगली गेली. त्या खोलीत कोण कोण येऊन गेलं; माझ्या मुलीला अक्षरं यायच्या आधी शनीचं कडं माहीत होतं. सासऱ्यांनी ताऱ्यांची नावं कधी पाठ केली नाहीत. ते "तो तुझा लालसर" आणि "ती वरची जोडगोळी" म्हणायचे. पण आभाळ मोकळं असलं की जेवण लवकर आटपून छप्पर ओढायला उठायचे. त्यांचे गुडघे गेल्यावर फरशीचं काम सुटलं. त्यानंतर ते एका हिवाळ्यात, अंथरुणाला फारसं न खिळता, गेले. सासूबाई वर्षभर मागे गेल्या नाहीत. मग एके दिवशी आपणहून म्हणाल्या, "रुळांना तेल घालायला हवं," आणि गेल्या.

शेवटी शेवटी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. बघायला जावं ते नेमकं मधलंच दिसेना, कडेकडेचं तेवढं दिसायचं. तरी संध्याकाळी त्या माझा हात धरून खोलीत यायच्या, खुर्चीवर बसायच्या आणि मला दुर्बिणीला बसवायच्या.

"सांग. काय दिसतंय?"

"शनी आहे. कडं जरा तिरकं आहे."

"किती तिरकं? गेल्या वर्षीपेक्षा मिटलंय ना?"

"हो, मिटल्यासारखं वाटतंय."

"मिटणारच. पुढच्या वर्षी नुसती रेघ राहील. आणि शेजारी एक ठिपका असेल बघ, उजवीकडे."

मी पाहिलं. उजवीकडे काही नव्हतं. तसं मी सांगितलं.

"डोळ्यावर ताण देऊ नकोस. जरा बाजूला बघ, मग दिसेल."

मी नजर किंचित बाजूला नेली आणि तो दिसला, टाचणीच्या टोकाएवढा.

"आहे, आई. आहे."

"असणारच," त्या म्हणाल्या आणि शाल खांद्यावर ओढून घेतली. "आता तू तुझं बघ निवांत. मी बसलेय."

मी बघत राहिले. मागे त्यांची खुर्ची अधूनमधून कुरकुरायची, आणि शनी आपल्या जागी स्थिर होता.